वाघ सोडले तर ताडोबात जुनं असं काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की नागपूरला बदली होऊन वर्ष झालं, ताडोबाच्या दोन सफारी केल्या, एकदा वाघ दिसला आणि एकदा नाही. सगळे त्याला 'राज्यातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान' म्हणतात, पण वारसा म्हणावा असा एखादा किल्ला किंवा लेणं तिथे दिसलं नाही. मग जुनं नेमकं काय?

मी नागपूरचाच. पंचवीसेक वर्षं ताडोबाला जातोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नावापासून सुरू करू. ताडोबा म्हणजे तारू. हा इथल्या गोंडांचा गावप्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना तो मेला, अशी कथा आहे. ताडोबा तलावाच्या काठी त्याचं ठाणं, म्हणजे देवस्थान आहे. पौषात तिथे यात्रा भरायची, आसपासच्या गावांतून माणसं नवस फेडायला यायची. म्हणजे जे जंगल आज आपण वाघासाठी राखतो, त्याला नाव मिळालंय ते वाघानं मारलेल्या माणसाचं, आणि तो माणूस तिथला देव आहे. माझ्या लेखी ताडोबाचा सगळ्यात मोठा वारसा हाच. उद्यानाचा फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासून हे जंगल कुणाचं तरी देवस्थान होतं.

दुसरी खूण तुम्ही बहुतेक पाहिलीत, फक्त जिप्सी थांबली नसेल. मोहर्ली गेटनं आत शिरून तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात. माणसापेक्षा उंच, पावसानं काळे पडलेले. हे गोंड राजांच्या काळातले मानले जातात. राजाची स्वारी निघाली की खांबाखांबातून ओवलेला दोर ओढायचा, घंटा वाजायच्या आणि पुढच्या मुक्कामाला वर्दी जायची, असं सांगतात. मी एकदा गाडी थांबवायला लावली, तर मागच्या सीटवरचे पाहुणे कासावीस झाले, कारण पुढे चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल देणारी ओरड, चालू होता. मला खरंच वाईट वाटलं. चांदागडच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंडांचं हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. त्या राज्याच्या ज्या खुणा आज जंगलात उभ्या आहेत, त्यांच्यासाठी दोन मिनिटं द्यायला काय हरकत आहे? आणि आपलं नागपूर तरी कुणी वसवलं? छिंदवाड्याकडच्या देवगडच्या बख्त बुलंद शहानं, म्हणजे गोंड राजानंच.

आता 'सर्वात जुनं' याबद्दल. शिकारीवर बंदी १९३५ मध्ये आली आणि १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. ताडोबा ज्यात येतं तो चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. कान्हाही त्याच वर्षी, त्याच राज्यात राष्ट्रीय उद्यान झालं. ही दोन्ही उद्यानं नागपुरातून चालणाऱ्या कारभारात जन्मली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. देशभराचा वन्यजीव कायदा आला तो १९७२ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. गंमत म्हणजे १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता, ताडोबा नव्हता. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प व्हायला १९९५ उजाडलं.

याच इतिहासात एक दुखरी गोष्टही आहे. ती टाळून वारशाबद्दल बोलणं मला पटत नाही. जामणी, नवेगाव ही नावं सफारीत आता कुरणांची म्हणून घेतली जातात. ही नांदती गावं होती. वाघांना मोकळी जागा मिळावी म्हणून ती उठली. एकदा आमच्यासोबतचा गाईड अशाच उठलेल्या गावातला निघाला. कुरणात एकटीच चिंच उभी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाला, "तिच्या मागंच होतं ना जी आमचं घर." चितळं तिथे निवांत चरत होती. पुनर्वसनानं वाघांचं भलं झालं, हे मी मानतो. पण त्या चिंचेची, त्या घराची नोंद कुठेतरी राहायला हवी. आज ती अशा पोरांच्या बोलण्यातच उरली आहे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा सकाळची फेरी मोहर्ली गेटनं घ्या आणि निघतानाच गाईडला सांगून ठेवा की खांबांपाशी थांबायचंय. रस्त्यात ऐनाचं झाड दाखवायला सांगा. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते, एकदा पाहिली की विसरत नाही. या झाडात बडादेवाचा, म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या देवाचा वास असतो, असं गोंड मानतात. तलावावर पोचलात की गाईडकडे लक्ष ठेवा. आमच्या गाईडनं ठाण्याच्या दिशेला तोंड करून आधी टोपी काढली, हात जोडले आणि मगच दुर्बीण डोळ्याला लावली.