परतीचं आरक्षण आधी करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझी पहिली एकट्याची सफर आठवली. तुमचा बेत असा: जानेवारीत एकट्याने सायकलवर कोकण किनाऱ्याने रेवस ते वेंगुर्ला, पाच दिवस, रोज शंभर किलोमीटर, सहाव्या दिवशीच्या परतीच्या रेल्वेगाडीचं आरक्षण झालेलं आणि सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून आणणार. विचारताय मात्र टायर कोणते घेऊ ते. टायर, गिअर, सीटची उंची यावर इथे पुष्कळ लिहून झालंय, ते सोडतो. मला त्या आरक्षणाबद्दल बोलायचंय.

मीही अगदी हेच केलं होतं. निघण्याआधी परतीच्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात फोन केला. "या घेऊन, होऊन जाईल." या एका वाक्यावर मी पाचही दिवस बांधून टाकले.

किनाऱ्याचा रस्ता नकाशात सपाट दिसतो. प्रत्यक्षात खाडी आली की खाली उतरायचं, पलीकडे गेलं की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढायचं, आणि हे दिवसभर. दुसऱ्याच दिवशी शंभराचा हिशोब कोलमडला. मग मी थांबणंच बंद केलं. हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ऐन रंगात होता, तो वरच्या रस्त्यावरून पाहिला आणि निघालो. हेदवीला चहा देणाऱ्या आजी म्हणाल्या, "दोन तास थांब रे, भरतीला बामणघळीत पाणी कसं उसळतं ते बघून जा." बामणघळ म्हणजे समुद्रकाठच्या कातळातली अरुंद भेग. नाही थांबलो. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक रस्त्यावरून जाताजाता मागे पडलं. शाळेत त्यांची कविता पाठ केलेला मी, दहा मिनिटं सायकल भिंतीला टेकवू शकलो नाही.

शेवटच्या दिवशी गाडीच्या तीन तास आधी स्टेशनवर पोचलो. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ही गाडी इथे दोनच मिनिटं थांबते, इथून सायकल चढत नाही." फोनवर हो म्हणाला होतात, म्हटलं तर "कोण म्हणालं? नाव घेतलंत का?" साहेबांना विचारा म्हणाले. साहेब जेवायला गेले होते. ते आले आणि त्यांनीही तेच सांगितलं. माझ्यासमोर गाडी आली आणि गेली. रात्री एका खासगी बसच्या डिकीत दोन्ही चाकं काढून सायकल आडवी घातली आणि घरी आलो. तिकिटाच्या पैशांचं दुःख केव्हाच संपलं. पण जी गाडी मला नेणारच नव्हती, तिच्यासाठी मी हर्णै, हेदवी, मालगुंड सोडलं, हे आजही सलतं. फोनवर "मला माहीत नाही" एवढं खरं कुणी बोललं असतं, तरी माझे ते पाच दिवस वाचले असते.

कुणाला याच कामी चांगला अनुभव आलाही असेल. गाडीगणिक, स्टेशनागणिक नियम वेगळे असतात आणि बदलतात. पण माझं मत ठाम आहे: एकट्याने जायचं तर परतीची तारीख मोकळी ठेवा. सोबत असली की चौघांच्या सोयीने चालावं लागतं. एकट्याला हे बंधन नसतं, आणि ते नेमकं आपणच तिकीट काढून गळ्यात घालून घेतो.

पुढच्या जानेवारीत आरक्षण न करता गेलो. त्याच रस्त्याला अकरा दिवस लावले. चढावर सायकल ताशी सहाच्या वेगाने सरकत असते, तेव्हा आंब्याच्या मोहोराचा वास वळणाच्या आधीच येतो. दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोट चुकली तर चुकली, पुढची येईपर्यंत बाकावर बसून जाळी विणणाऱ्यांशी गप्पा. एकट्या माणसाला लोक आपणहून हाक मारतात. "एकटेच? घरी कोणी काही बोललं नाही?" इथून सुरुवात होते आणि पुढ्यात घावणे-चटणी येते. दुपारी देवळाच्या गार फरशीवर पंचा अंथरून झोपायचं. संध्याकाळी मुक्काम कुठे, ते चार वाजता ठरवायचं. चारनंतर मात्र हे ठरवणं लांबवू नका, अंधारात त्या वळणांवर सायकल चालवू नये.

विचारलं नाहीत तरी दोन गोष्टी सांगतो. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टाचा असेल तर पितळेचं छोटं अडॅप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय बसत नाही. दोन ट्यूबही घरूनच न्या, त्या मापाच्या वाटेत मिळणं कठीण. आणि सड्यावर चढण्याआधी खालच्या गावात दोन्ही बाटल्या भरा. वर जांभा दगड आणि ऊन, दुकान नाही.

परत यायला खासगी बस बरी. चढवण्याआधी ड्रायव्हरशी स्वतः बोला, चेन वरच्या बाजूला येईल अशी सायकल ठेवा आणि मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाला, जुना टॉवेल गुंडाळा.

आरक्षण रद्द केलंत तर हेदवीला भरतीच्या सुमारास पोचा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून घरून पाहिलेली वेळ धरू नका, तिथल्या माणसांना विचारा. घळीच्या ओल्या कातळावर उतरू नका, लांबूनच बघा. मी दुसऱ्या खेपेला तीन तास बसलो होतो. त्या आजींचं दुकान तेव्हा बंद होतं. तुम्हाला उघडं दिसलं तर चहा घ्या आणि मला इथे कळवा.