इंजिन ऑइलच्या बोल्टचे आटे गेले तर पूर्ण चेंबर बदलावंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की बाईकचं ऑइल बदलताना खालचा बोल्ट नुसताच फिरत राहिला, आता तिथून तेल टपकतंय, गॅरेजवाला चेंबर, म्हणजे इंजिनाखालचा तेल साठणारा भाग, बदला म्हणतोय आणि मित्र म्हणतोय टेफलॉन टेप गुंडाळ नाहीतर एमसील लाव. दोघांचंही ऐकू नका दादा. माझं भुसावळला आयटीआय झालंय, मग जळगाव एमआयडीसीत टूलरूमला बरीच वर्षं काढली, आता चोपड्याकडे स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, आणि कापसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर आणि पंपांची असली कामं रोज येतात. चांगलं भलं चेंबर नुसत्या आट्यांपायी भंगारात गेलेलं बघितलं की फार वाईट वाटतं.

आधी एक बघा, आटे नक्की कुणाचे गेलेत. बोल्ट काढा आणि उजेडात धरा. त्याच्या खाचांत चकचकीत तारेसारखं काही स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं दिसलं तर ते तुमच्या चेंबरचं ॲल्युमिनियम आहे. बहुतेक वेळा असंच निघतं, कारण बोल्ट स्टीलचा, चेंबर ॲल्युमिनियमचं, आणि कुणीतरी १७ च्या पान्याला पाइप घालून आवळलेलं असतं. बोल्टचेच पहिले दोन आटे चेपले असतील तर सरळ नवीन बोल्ट घ्या, त्यावर डाय (बोल्टवर आटे कापायचं हत्यार) फिरवत बसू नका, कारण कंपनीचे आटे रोल करून दाबून बनवलेले असतात आणि डाय त्यातला माल कापून टाकते.

टेफलॉन का नको तर तेल आटे अडवतच नाहीत. बोल्टच्या डोक्याखाली जो तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो तो अडवतो, आणि तो दबायला बोल्ट खेचून धरणारे आटे लागतात. आटेच नाहीत तर वॉशर दाबणार कोण? एमसील गरम तेलात महिनाभर धरेलही, पण पुढच्या ऑइल चेंजला बोल्ट कसा काढणार, आणि चोपडा ते जळगाव रस्त्यात तो निघून पडला तर इंजिन बिनतेलाचं चालून जाम होईल, तो खर्च चेंबरच्या कितीतरी पुढचा.

खरा इलाज हेलिकॉइल. स्टेनलेस तारेची स्प्रिंग असते, भोक मोठं करून त्यात वेगळ्या टॅपने (भोकात आटे कापायचं हत्यार) आटे पाडायचे आणि स्प्रिंग बसवायची, आतून माप परत मूळचंच मिळतं म्हणजे कंपनीचाच बोल्ट लागतो. ॲल्युमिनियममध्ये हे मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं, कारण बाहेरचे आटे मोठ्या व्यासाचे असतात आणि बोल्ट घासतो तो स्टेनलेसवर. माप मात्र पिच गेज लावूनच घ्या, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. खूप बाईकवर हा बोल्ट १२ मिमीचा आणि पिच १.५ असतो, पण बाजारात १२ ला १.७५ सर्रास मिळतो आणि डोळ्याला फरक कळत नाही, चुकीचा घातला की उरलेसुरले आटेही गेले. १२ बाय १.५ च्या हेलिकॉइलला ड्रिल साधारण १२.४ मिमीचं लागतं, पण तुमच्या किटवर लिहिलेलं असेल तेच वापरा.

टॅप सरळ उभा धरा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, म्हणजे चुरा तुटून मोकळा होतो. ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल टाकलं की कट गुळगुळीत येतो. घाई नको. मी शिकाऊ असताना एका जिनिंगच्या गिअरबॉक्सवर जोर केला आणि टॅप आतच मोडला, हायस्पीड स्टीलचा टॅप साध्या ड्रिलने कापत नाही, अर्धा दिवस पंचने तुकडे पाडत बसलो होतो. तेव्हापासून टॅप जड लागला की मी हात थांबवतो, उलटा फिरवून काढतो, साफ करतो, मग पुढे.

तुमच्या कामात एक खास अडचण आहे, भोक थेट इंजिनात उघडतं. म्हणून ड्रिल आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्याला चिकटतो. स्प्रिंग पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा आत बसवा आणि तिचं खालचं शेपूट पंचने ठोकून आत पाडू नका, लांब नोजच्या पकडीने धरून हलवून तोडा आणि बाहेर काढून मोजून ठेवा. मग थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या, दोनदा. हे धुणं कुणी टाळलं तर मला राग येतो, कारण तो चुरा ऑइल पंपात जातो.

१४ चा मोठा बोल्ट टाकणं हा पण मार्ग आहे, पण भोकाभोवतीची भिंत जाड असेल तरच, आणि पुढच्या वेळी वाव राहत नाही. स्वतः आटे पाडत जाणारे मोठे बोल्ट मी ॲल्युमिनियममध्ये वापरत नाही, चेंबर तडकतं.

तुमच्याकडे साधनं नसतील तर गॅरेजऐवजी लेथवाल्याकडे जा, खान्देशात तालुक्याच्या गावी एक तरी सापडतो, आणि "हेलिकॉइल टाकून द्या" एवढंच सांगा. नवीन बोल्ट लावताना हाताने आधी उलटा फिरवा, टक करून आटा आट्यावर बसला की मगच सुलटा, पाना शेवटी. आवळायचं किती ते मॅन्युअलमध्ये असतं, छोट्या बाईकला बहुधा २० ते ३० न्यूटन मीटर, म्हणजे आखूड पान्याला एका हाताचा साधा जोर. वॉशर दरवेळी नवा. रात्री खाली पुठ्ठा ठेवून गाडी लावा, सकाळी थेंब दिसला तर वॉशर बदला, बोल्ट आणखी आवळू नका.