घरी कोणती भाषा बोलता?

ताई, तुम्ही विचारलंत की डॅलसला जायचं ठरतंय, मुलगी चार वर्षांची आहे, तिथल्या सरकारी शाळा खरंच फुकट असतात का आणि नव्या कायद्यातून खाजगी शाळेची फी मिळते का. जुळे सोलापूर वाचलं आणि राहवलं नाही. माझं माहेर अशोक चौकातलं.

व्हिसाचं, घरभाड्याचं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. फीचं म्हणाल तर टेक्सासनं, म्हणजे डॅलसच्या राज्यानं, २०२५ च्या कायद्यात त्यासाठी १०० कोटी डॉलर ठेवलेत, २०२६-२७ पासून. त्यात दिव्यांग मुलं आणि कमी उत्पन्नाची घरं आधी. त्यावर विसंबू नका. सरकारी शाळा फुकटच, पण ती घराच्या पत्त्यावरून ठरते. तिचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो, आणि भाड्यानं राहिलात तरी ती भाड्यातून जातेच. शिवाय राज्य पैसे देतं ते हजेरीवर, पटावर नाही. आम्ही जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तीन आठवडे आलो, तर शाळेची दोन पत्रं आली.

आता खरं सांगायचं ते. टेक्सासच्या २०१९ च्या कायद्यानं शाळेला एका मुलामागे मिळणारी मूळ रक्कम ५,१४० वरून ६,१६० डॉलर केली आणि पात्र चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची मोफत बालवाडी देणं शाळांना बंधनकारक केलं. ज्यांना इंग्रजी बोलता-समजत नाही ती मुलंही यात पात्र. तिला इंग्रजी येत नसेल तर तुमची मुलगी यात बसेल.

माझाही मुलगा बसला असता. त्याच वर्षी तो चार वर्षांचा होता. लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार, विजेचं बिल, या कागदांसाठी मी तीन हेलपाटे घातले होते. मग एक साधा फॉर्म समोर आला: घरी जास्त करून कोणती भाषा बोलता? मूल कोणती बोलतं? मी दोन्हीकडे ‘इंग्रजी’ लिहिलं. पोरगा मागे बसवला जाईल अशी भीती वाटली. तो शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत ‘आई, भूक लागली’ म्हणत होता आणि मी त्याला गप्प केलं. बालवाडी हुकली, वर्षभर महिना नऊशे डॉलर भरले. ‘मराठी’ लिहिलं असतं तर पुढे इंग्रजीची जादा शिकवणी मिळाली असती, आणि त्यासाठी शाळेलाही वाढीव पैसा.

सोलापुरात आमच्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलायची. कुणी लपवली नाही. मी तिथून येऊन लपवली, हे अजून सलतं.

एकटेपणाचं विचारलंत. एक हिवाळा जड जातो, मग कामाला लागतो माणूस.

आईचा फोन आला की मुलगा ‘हाय आजी’ म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. तुमच्यासमोर तो फॉर्म येईल तेव्हा अडलं तर कळवा. तुमच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे माझी कामं आवरलेली असतात.