मुलगा आठवीत गेल्यापासून घरात बोलेनासा झालाय. हे असंच राहणार का?

नाही, सहसा असंच राहत नाही. या वयात मुलं घरी सांगणं कमी करतात, कारण काही गोष्टी फक्त आपल्या असाव्यात असं त्यांना पहिल्यांदाच वाटू लागतं. विशीकडे जाताना बऱ्याच घरांत बोलणं परत येतं, पण वेगळ्या सुरात, बरोबरीच्या नात्याने.

स्वीडनमधल्या हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली १४ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांना मुलांबद्दल जे कळतं, ते प्रश्न विचारून किंवा पाळत ठेवून नव्हे, तर मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे कळतं, असं त्यात दिसलं. म्हणून दारातच "कुठे होतास? किती मार्क पडले?" नको. त्याचं उत्तर "काही नाही" हेच येणार!

माझी मुलगी नववीत असताना समोरासमोर गप्प असायची. क्लासहून येताना स्कूटरवर मागे बसली की मात्र सिग्नलला थांबल्यावर हळूच म्हणायची, "आई, रागावणार नसशील तर सांगू?" तेव्हा मान वळवायची नाही, मध्ये बोलायचं नाही. एकदा तिने गणितात नापास झाल्याचं असंच सांगितलं. मी फक्त "बरं" म्हणाले. जेवणं झाल्यावर तीच पेपर घेऊन आली.