थिसिस की पेपर? आधी पावसाळे मोज

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि व्हॉट्सॲपवरच उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सरळ पत्रच लिहावं. सप्टेंबरमध्ये कॅनडाला निघायचंय, जिऑग्राफीच्या मास्टर्सच्या फॉर्मवर थिसिस की रिसर्च पेपर यातल्या एकावर टिक करायचीय, आणि घरी बाबा म्हणतायत थिसिसच घे, खरं मास्टर्स तेच. बाबांना मी चांगली ओळखते, त्यांना पुस्तक जाड असलं की बरं वाटतं.

त्यात तिकडे पेपरला एमआरपी म्हणतात, मेजर रिसर्च पेपर. आपल्याकडे एमआरपी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत, त्यामुळे नाव ऐकूनच स्वस्तातला माल वाटतो, पण तसं नाहीये. साधारण असं असतं की थिसिसला दोन वर्षं, कोर्सेस कमी आणि शेवटी कमिटीसमोर डिफेन्स म्हणजे तोंडी परीक्षा, पेपरला वर्ष ते दीड वर्ष, कोर्सेस जास्त आणि गाईड नि अजून एक जण वाचून पास करतात. डिपार्टमेंटनुसार यात फरक पडतो, हँडबुक वाच, मला विचारू नकोस.

मला विचारायचं तर विषयाचं विचार. तू लिहिलंयस "आंबिल ओढा, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, वरची बांधकामं आणि खालची माणसं". म्हणजे पुण्यातल्या या ओढ्याला त्या रात्री आलेला पूर. छान आहे, पण हा एक विषय नाही, दोन आहेत, आणि दोघांची भूक वेगवेगळी आहे.

खालची माणसं आधी घेऊ. अरण्येश्वर, दांडेकर पूल, त्या रात्री कुणाच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं, कोण परत त्याच घरात राहायला गेलं आणि का. हे तुला पावसाळ्यात तिथं उभं राहूनच कळणार, ढग दाटले की बाई आधी काय उचलून माळ्यावर टाकते ते मार्चमध्ये विचारून येत नाही गं. आणि तू म्हणतेस थिसिस घेतला की दोन वर्षं, म्हणजे दोन पावसाळे. मोज बरं. सप्टेंबरात पोचणार तेव्हा इकडचा पाऊस परतीला लागलेला. मग एप्रिलपर्यंत कोर्सेस आणि प्रपोजल. जून ते सप्टेंबर हा एक. पुढच्या जूनमध्ये तू डिफेन्सची तारीख मिळवायला कमिटीच्या मागे पळत असशील, ओढ्याकाठी नाही. झाला की नाही एकच?

आणि तो एकही पदरात पडेल असं नाही. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या म्हटलं की तिकडे आधी युनिव्हर्सिटीच्या एथिक्स बोर्डाची परवानगी लागते, टीसीपीएस टू नावाची नियमावली आहे, त्यात दुसऱ्या देशात काम करणार असशील तर तिथलाही रिव्ह्यू, जिथे तशी सोय असेल तिथे. परवानगीच्या आधी घेतलेली मुलाखत कितीही सोन्यासारखी असली तरी वापरता येत नाही. माझं काय झालं सांगते. मी थिसिसच केला होता, कुठे ते राहू दे. विषय भोरकडची भातलावणी आणि सावड, कोण कुणाच्या खाचरात मदतीला जातं. गाईड सब्बॅटिकलवर म्हणजे लांबलचक रजेवर, एका सहीसाठी फॉर्म अडकला, परवानगी हातात पडली ऑगस्टच्या शेवटी. मी पोचले तेव्हा भात पोटरीत आलेला आणि लावणी होऊन दीड महिना उलटलेला. लोकांनी चहा दिला, हसले, म्हणाले आता पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी गेले, पण तोवर फंडिंग संपलेलं आणि फी मात्र दर टर्मला चालूच. त्या चहाची किंमत मी बरीच मोजलीये. म्हणून ऑफर लेटर काढ आणि पैसे किती टर्मचे लिहिलेत ते आजच बघ.

अजून एक, २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलापाशी ओढ्याकाठची घरं पाडली. त्यानंतर वही घेऊन आलेली कुठलीही मुलगी तिथल्या लोकांना आधी सर्व्हेवालीच वाटणार. नुसता विश्वास बसायलाच कित्येक महिने जातील, आणि ते कुठल्याच टाइमटेबलमध्ये धरलेले नसतात.

आता वरची बांधकामं. ओढा खाली येतो तो कात्रज तलावाकडून, आणि त्या तलावात पाणी येतं ते भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडीकडच्या उतारांवरून, आणि ही गावं २०२१ ला पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांतली आहेत. त्या उतारांवर घरं, शेड, रस्ते किती वाढले, गावं हद्दीत यायच्या आधी जास्त की नंतर, हे सेंटिनेल-२ या सॅटेलाइटच्या फोटोंवरून बघता येतं, २०१५ पासूनचा डेटा फुकट आहे, पिक्सेल १० मीटरचा, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तुला येतंच. बाहेर बर्फ पडत असताना खोलीत बसून होण्यासारखं काम आहे. फक्त एक लक्षात ठेव, एप्रिल-मेचा फोटो घेऊ नकोस, आपल्याकडे उन्हाळ्यात उघडा खडक, वाळलेलं गवत, नांगरलेलं शेत आणि सिमेंट हे सगळं कॉम्प्युटरला एकसारखंच दिसतं आणि अर्धी टेकडी बिल्डिंग म्हणून रंगते. पाऊस संपल्या संपल्या, डोंगर हिरवा असतानाचा ढग नसलेला फोटो शोध, आणि दरवर्षी त्याच सुमाराचा घे.

पूर मात्र सॅटेलाइटवरून पकडायला जाऊ नकोस. ढगातून बघणारा रडार आहे, पण तो रोज डोक्यावरून जात नाही आणि हा ओढा एका रात्रीत येऊन उतरतो. पावसाचंही तेच, हवामान खात्याचा ग्रिड डेटा पाव अंशाचा, म्हणजे एक चौकोन जवळपास २७ किलोमीटरचा, तुझा अख्खा ओढा त्यात कुठेतरी कोपऱ्यात मावतो. आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या आकड्यावरून कात्रजला काय झालं ते सांगायला गेलीस तर वाचणारे तुला सोलून काढतील. पुण्यात एका पेठेत ऊन आणि दुसरीकडे धो धो हे तुला नव्याने सांगायला नको.

तर माझं मत, पेपर घे आणि फक्त वरचा ओढा कर. खालची माणसं पीएचडीला ठेव, ती दोन वर्षांत उरकायची गोष्टच नाही. पीएचडीला पेपरवाल्यांना घेत नाहीत असं कुणीतरी सांगितलंय म्हणालीस. काही ठिकाणी थिसिसवाल्यांना झुकतं माप देतात हे खरं, पण पेपरवालेही जातात, लिखाणाचा नमुना आणि शिफारसपत्रं बघतात. छोटा कोर्स केला तर नंतरचं वर्क परमिटही छोटं मिळतं, हे बाबांच्या मित्राने सांगितलेलंही जुनं झालंय, फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा लहान मास्टर्सलाही तीन वर्षांचं मिळू शकतं. आधीचा हिशोब वेगळा होता, तोच अजून फिरतोय. तरी फॉर्म भरायच्या आधी सरकारी साइटवर एकदा बघ.

एका गोष्टीने माझं मत बदलेल. तुझ्या होणाऱ्या गाईडचा पुण्यात आधीच प्रोजेक्ट चालू असेल, परवानग्या घेतलेल्या असतील, वस्तीत कुणी ओळखीचं असेल, तर बिनधास्त थिसिस घे. हे त्यांना ईमेलवर विचार, आणि त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनाही मेसेज टाक, किती महिने लागले आणि ड्राफ्ट किती दिवसांनी परत यायचा. वेबसाइटवरच्या फोटोत सगळेच गाईड हसरे असतात.

रविवारी सकाळी साडेसहाला भिलारेवाडीत ये, जुन्या घाटाच्या बाजूने वर चढू, तलावात उतरणारं पाणी कुठून कुठून येतं ते पायाने बघून घे. चिखलाचे बूट घाल, मागच्या वेळसारख्या चपला नकोत.

तुझी ताई