दोघांपैकी कुणाचाच नको

अनेक आशीर्वाद.

वर तुझं नाव घातलेलं नाही ते मुद्दामच. कागद कुणाच्याही हाती लागतो, आणि आपल्या सांगलीत हाती लागलेला कागद वाचल्याशिवाय कुणी खाली ठेवत नाही.

तुझा मेसेज मिळाला. ‘मॅडम, आम्हा दोघांसाठी तुमच्या ओळखीतलं कुणी चांगलं काउन्सेलर असेल तर सांगा, शक्यतो विश्रामबागेतच.’ वाचून बरं वाटलं आणि पाठोपाठ चिडचिडही झाली. बरं अशासाठी, की वकील गाठायच्या आधी तू हे शोधतो आहेस. कोर्टात मी आयुष्यभर उलटाच क्रम बघितला. चिडचिड अशासाठी, की माझ्या टेबलाशेजारी बसून वैवाहिक दाव्यांच्या फायली वाचलेला मुलगा पहिलीच अट घालतो ती ओळखीची.

थेरपीला जाण्यात कमीपणा नसतो वगैरे मी सांगत बसणार नाही. ते तुला कळतं. कळलेलं नाही ते सांगते. तुमच्या दोघांच्या मध्ये जो माणूस बसणार आहे, तो दोघांपैकी कुणाचाच नसला पाहिजे. तुझा नको, तिचा नको, आणि दोन्ही घरांचा तर अजिबात नको. हळदीच्या सौद्यापासून मिरजेच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटपर्यंत आपल्याकडे सगळं ओळखीवर चालतं. चालू दे. हे एक काम तसं करायचं नाही.

आता तू सुचवलेली नावं बघू. तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या मिसेस, ज्या ‘काउन्सेलिंगही करतात’. बाई भल्या असतील. पण तुझ्या आईची शुगर दर महिन्याला त्यांच्याच दवाखान्यात तपासतात. तुझी बायको त्यांच्यासमोर सासूबद्दल काय बोलणार? ‘तशा त्या चांगल्या आहेत’, एवढंच. आणि ते ऐकायला तू फी मोजणार.

दुसरं नाव तिच्या मावसभावाच्या कोल्हापूरच्या मित्राचं. तो सायकॉलॉजी शिकलेला आहे, मान्य. पण तो तुमच्या लग्नात अक्षता टाकायला होता. पुढे.

तिसऱ्या नावावर मात्र थांबावं लागेल, कारण ते तुला सगळ्यात सोयीचं वाटतं आहे. ऑफिसच्या ताणासाठी तू स्वतः वर्षभर ज्यांच्याकडे जातोस त्या. ‘त्या मला चांगल्या ओळखतात, त्यामुळे वेळ वाचेल,’ असं लिहितोस. अरे बाबा, तेच तर नको आहे. वर्षभर त्यांनी तुमच्या संसाराची हकिकत तुझ्या एकट्याच्या तोंडून ऐकली आहे. तुझी बायको त्या खोलीत पाऊल टाकेल तेव्हा दावा आधीच दाखल झालेला असेल आणि तिला फक्त कैफियत द्यायची उरेल. एका पक्षकाराला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्याचं वकीलपत्र घ्यायचं नसतं. बार कौन्सिलचा हा नियम तुला पाठ आहे, मग इथे कसा विसरलास? त्या बाई मुरलेल्या असतील तर स्वतःच नाही म्हणतील आणि दुसरी नावं देतील. ती जरूर घे. त्या हो म्हणाल्या, तर तुझं एकट्याचं तिथे जाणंही जरा तपासून बघ.

एवढं ताणून सांगते, कारण ‘आपल्यातला’ माणूस मधे पडला की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. बैठक बसते. सोफ्यावर मुलाकडचे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलीकडचे. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पोह्यांचा ट्रे, कारण बैठक तिच्याच सासरी आणि पाहुण्यांचे पोहे तिनेच करायचे. मध्यस्थ चष्मा पुसतात, मुलाकडे बघून ‘तूही जरा सबुरीनं घे’ म्हणतात, मग दाराकडे वळून अर्धा तास बोलतात. ‘संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच की गं पोरी.’ चहा होतो. मिटलं म्हणून सगळे चपला घालतात. पुढे कधीतरी तीच मुलगी माझ्या ऑफिसात, घटस्फोटाच्या अर्जासाठी. ते मध्यस्थ लबाड नव्हते. मुलाच्या वडिलांबरोबर त्यांची मार्केट यार्डात ऊठबस होती, एवढंच. तेवढं पुरतं.

माझंही सांगते, मग खुशाल मला हेकट म्हण. माझी वकिली आणि घर यांवरून आमची ओढाताण चालली होती तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या मित्राला बोलावलं. ते माझे सीनिअर. अतिशय सज्जन माणूस. दोघांना समोर बसवून म्हणाले, ‘बोला, काय अडचण आहे?’ दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्यापुढे मला फाइल घेऊन उभं राहायचं होतं, त्यांना मी सांगू की नवरा माझ्याशी धड बोलत नाही? आणि वडिलांच्या मित्रासमोर ह्यांनी तरी काय तोंड उघडायचं? काही विशेष नाही, असं आम्ही दोघांनीही सांगितलं. सर म्हणाले, मला वाटलंच. आमचा संसार उत्तम झाला असं तुला गावात कुणीही सांगेल. त्या दिवशी ह्यांना काय म्हणायचं होतं ते मला ह्यांच्या शेवटच्या आजारपणात कळलं. ते इथे लिहीत नाही. तेव्हा गावात जायला दुसरं कुणी नव्हतं, ही माझी सबब खरी आहे. तुझ्याकडे ती सबब नाही.

तर नाव शोधायचं कसं. ‘काउन्सेलर’ ही पाटी महिन्याभराचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते. १९९२ च्या कायद्याने ती सोय केलेली आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. दोघांपैकी कुणाला डिप्रेशन असेल किंवा दारू सुटत नसेल तर त्यांच्याकडे जावंच लागेल, पण औषध देणारा प्रत्येक जण जोडप्याबरोबर बसायला शिकलेला असतो असं नाही. खरा प्रश्न तोच: जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का? एकाचं ऐकून घेणं सोपं. एकमेकांवर धुसफुसणाऱ्या दोघांना एकाच तासात सांभाळणं हे निराळं काम आहे. कोणत्या पद्धतीने काम करता हेही विचार. कुणी जॉन आणि ज्युली गॉटमन यांची पद्धत सांगेल, कुणी सू जॉन्सन यांची इमोशनली फोकस्ड थेरपी. पद्धत कोणती याला मी फार महत्त्व देत नाही. काही पद्धत आहे का ते महत्त्वाचं. ‘मी दोघांना समजावून सांगते’ असं उत्तर आलं तर फोन ठेव. समजावणारे आपल्या घरात कमी आहेत का?

गॉटमन यांचं नाव निघालंच आहे तर ऐक. संसार पोखरणाऱ्या चार सवयी ते सांगतात: सतत दोष काढणं, तुच्छ लेखणं, स्वतःचाच बचाव करत राहणं आणि तोंड मिटून घेणं. त्यांत तुच्छ लेखण्याला ते सगळ्यात घातक मानतात. तुझ्या मेसेजमध्ये ‘तिला काय कळतंय यातलं’ असं एक वाक्य आहे. ते तू थेरपिस्टसमोरही बोलणार, सवयीने. त्या क्षणी तुला तिथल्या तिथे टोकणारा माणूस पाहिजे. ओळखीचा असला तर हसून सोडून देईल.

गुपितांचा नियम आधीच विचारून घे. बरेच थेरपिस्ट पहिल्यांदा दोघांना एकत्र बघतात, मग एकेकट्याला एकदा भेटतात. एकट्याने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत जाणार की नाही? काही जण स्पष्ट सांगतात की संसाराशी संबंध असलेलं गुपित आम्ही एकाच्या वतीने पोटात ठेवणार नाही. काहींचा नियम वेगळा असतो. कोणताही असो, तो दोघांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितलेला पाहिजे. नाहीतर थेरपिस्ट नकळत तुमच्यातल्या एकाचा होतो, आणि मग मी वर जे काय कंठशोष केला तो फुकट.

निवडही दोघांची. तू नावं काढून तिच्यापुढे यादी ठेवलीस तर ती यादी तुझीच. दोन नावं तू काढ, दोन तिला काढू दे, पहिला फोन स्पीकरवर लावा. अपॉइंटमेंट तुझ्या नावावर, पैसे तुझ्या खात्यातून आणि वार तुझ्या बँकेच्या सुट्टीचा, असं झालं की ती तिथे पाहुणी म्हणून येणार. तिची मिरजेच्या लॅबमधली ड्यूटी शिफ्टची असते. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही.

भाषेचंही बघ. ती अथणीची. रागावली की कानडीत जाते, हे तू आम्हाला हसत सांगायचास. मराठीत भांडताना ती मागे पडते तेव्हा तिचा मुद्दा लंगडा असतो असं धरू नकोस. बेळगाव-कोल्हापूरकडे दोन्ही भाषा येणारं कुणी मिळालं तर आधी तिथे चौकशी कर.

विश्रामबागेत तर नकोच. शंभर फुटी रोडवरच्या कुठल्याही क्लिनिकच्या बाकावर बस, घरी पोचायच्या आत ‘कुणाला बरं नाही?’ म्हणून फोन येतो. कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. जाता-येता एका गाडीत बसावं लागेल, तेही वाईट नाही. ऑनलाइन असेल तर पुण्या-ठाण्याचंही कुणी चालेल. फक्त पलीकडे आई भाजी निवडत असताना डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसू नका. एक जोडपं मला माहीत आहे, गाडी सावलीत उभी करायची, फोन डॅशबोर्डवर लावायचा आणि तिथेच सेशन. दोघांचे चेहरे स्क्रीनवर मावावेत म्हणून त्यांना सरकून जवळ बसावं लागायचं. पहिल्या दिवशी त्यावरूनही भांडले म्हणे.

फी किती आणि किती मिनिटांची, हे सरळ विचार. विमा हे पैसे देईल अशी आशा ठेवू नकोस.

ती ‘आता काय उपयोग’ म्हणते, असं तू लिहिलंस. एकाला टिकवायचं आहे आणि दुसऱ्याचं ठरत नाही, अशा जोडप्यांसाठी अमेरिकेत विल्यम डोहर्टी यांनी डिसर्नमेंट काउन्सेलिंग नावाची छोटी पद्धत काढली आहे. एक ते पाच भेटी. त्यांत संसार दुरुस्त करायचा नसतो, दुरुस्तीला बसायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं. फोनवर हा शब्द काढून बघ. ठाऊक नसला तरी चालेल, पण ‘बायकोचं अजून ठरलेलं नाही’ हे ऐकून घेणारा माणूस पाहिजे. पहिल्याच फोनवर जो ‘तुमचं लग्न वाचवून देतो’ म्हणतो तो तुझा झाला. ‘कशाला ओढताय’ म्हणणारा तिचा. दोन्ही नकोत. आणि चार-पाच सेशननंतरही तुम्हा दोघांपैकी एकालाच तिथून खूश होऊन बाहेर पडता येत असेल, तर बदला. नीट चाललं असेल तर दोघांनाही आलटून पालटून त्या माणसाचा राग येतो.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची. घरात मारहाण किंवा धाक असेल तर दोघांनी मिळून थेरपीला जायचं नसतं, कारण तिथे खरं बोलल्याची किंमत घरी मोजावी लागते. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तुमच्याकडे तसं काही नाही असं मी धरून चालले आहे. विचारते आहे असं समजलास तरी चालेल.

शेवटी तू लिहितोस, ‘नाहीतर तुम्हीच बसा ना मॅडम आमच्याबरोबर.’ नाही. सख्ख्या भाचीच्या वेळीही मी नाही म्हणाले. बहीण म्हणाली, गावाचे संसार सांधतेस आणि घरच्या पोरीला अर्धा तास देत नाहीस. तिने येणं-जाणं टाकलं, दिवाळीचा फोनही मीच करते. माणुसकी नाही, असं माझ्या माघारी बोललं जातं ते माझ्या कानावर येतं, सांगलीत येणारच. पण भाचीचा नवरा माझ्यासमोर काय बोलला असता? मावशीसमोर? मी कितीही तटस्थ राहिले असते तरी त्याच्या दृष्टीने मी तिचीच. मी तिथे जाऊन बसले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, मलाही. तरी मी आजही तेच करेन. तुझ्या बाबतीत तर प्रश्नच नाही, माझ्या घरी तिने पहिलं पाऊल टाकलं तेच तुझी बायको म्हणून.

म्हणून माझ्याकडून एकही नाव येणार नाही. तुम्ही कुणाकडे जायचं ठरवलंत तेही मला कळवू नकोस, कसं चाललंय ते सांगायला फोन करू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस, मी म्हातारी आहे, विचारेनही. बँकेच्या त्या तारणाच्या कागदांचं मात्र वेगळं. त्यांतला सात-बारा जुना आहे, नवा काढून घे आणि सोमवारी चारनंतर येऊन जा.