एफवायला भरलेला वर्ग टीवायला निम्मा का होतो?

तुम्ही विचारलंय की एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, वर्ग गच्च भरतो, टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, निम्माही उरत नाही, तर मुलं टिकावीत म्हणून काय करावं. शिकवण्याची पद्धत बदलून काही होईल का. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी १९ वर्षं बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवते. शिकवण्याचं नंतर बघू. आधी परीक्षा फॉर्मची यादी बघा.

कॉलेज सोडणारं पोरगं ‘सोडतोय’ म्हणून सांगायला येत नाही. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे घरचे थांबू शकत नाहीत. मग पोराने एकतर मागे राहून म्हातारी आणि भावंडं सांभाळायची, नाहीतर बापाबरोबर कोयता धरायचा. आणि पहिल्या सेमिस्टरचे फॉर्म निघतात ते याच दिवसांत. फॉर्म नाही म्हणून हॉल तिकीट नाही, हॉल तिकीट नाही म्हणून पोरगं मनातून कॉलेज सोडून मोकळं. कॅटलॉगमध्ये मात्र त्याचं नाव मार्चपर्यंत असतं आणि आम्ही रोज इमानेइतबारे त्याच्यापुढे ‘ए’ मांडत असतो.

म्हणून शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी मी ऑफिसातून फॉर्म न भरलेल्यांची यादी घेते आणि एकेकाला फोन लावते. (ग्रुपवर सूचना टाकणं म्हणजे फोन नव्हे. ज्याला जायचंय तो ग्रुप आधीच म्यूट करतो.) एका वर्षी असाच फोन एका आईने उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. कोल्हापूरकडे कुठेतरी फडात होती. “मोळ्या बांधतोय तो, देते.” पोरगं फोनवर आलं आणि म्हणालं, “मॅडम, मी तसाबी नापासच होणार हाय.” अंतर्गत चाचणीत अकाउंट्सला वीसपैकी चार होते. त्याच्या डोक्यात नापास म्हणजे दहावीसारखं, वर्ष गेलं. पहिल्या सेमिस्टरचे विषय राहिले तरी दुसऱ्याला बसता येतं, केटी, म्हणजे राहिलेला विषय, मागून सोडवता येते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी वर्गात सांगितलं असणार, पण घरात कॉलेजला जाणारा तो पहिलाच, ‘एटीकेटी’ हा शब्द त्याने कुठल्या खणात ठेवायचा? लेट फी कॉलेजातल्या आम्ही तिघांनी मिळून भरली. पेपरच्या आदल्या रात्री एसटीने आला. चार विषय निघाले, दोन राहिले. पदवीला तीनाची चार वर्षं लागली, पण झाली.

दुसरी गळती पैशाची, आणि तीत आपला हात असतो. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी पोर्टलवरचा, शिष्यवृत्तीचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून पुढे विभागाकडे जातो. आमच्याकडे एका वर्षी तो कॉलेजातच कित्येक आठवडे पडून होता आणि त्याच मुलांना ‘फी बाकी’ म्हणून काउंटरवरून परत पाठवत होते. ज्याने अर्ज अडवला त्यानेच फी मागायची! प्राचार्यांशी भांडावं लागलं. तुमच्याकडेही कुणी दर आठवड्याला किती अर्ज पडून आहेत ते विचारत राहा.

मुलींचं गणित वेगळं. बारावीपर्यंत त्यांना एसटीचा पास मोफत. एफवायला आल्या की सवलत धरूनही एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. रक्कम मोठी नाही, पण घरात ‘हिला कशाला पाठवायचं’ या विषयाला तोंड फुटायला तेवढी पुरते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. प्रवासाचा पास, पुस्तकांचा खर्च, उरलेली फी आणि वारंवार भेटणारा सल्लागार, एवढं दिलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तपासलं तर तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे मदत न मिळालेल्या गटात २२ टक्के, मिळालेल्या गटात ४० टक्के निघाले. कुठे न्यूयॉर्क आणि कुठे आमचा स्टँड, पण पासाची गोष्ट मला ओळखीची वाटली.

लग्नापुढे मात्र माझं काही चालत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरतं, जूनमध्ये कळतं. अशा मुलींना एवढंच सांगते की नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे क्रेडिट वाया जात नाहीत, सासरी गेल्यावरही पुढे धरता येतं. आजवर दोघींनी धरलं.

आणि एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. आमच्याकडे पूर्वी अर्ज दिला की दहा मिनिटांत दाखला हातात पडायचा. आता त्या अर्जावर एका शिक्षकाची सही लागते आणि सही करण्याआधी मी पोराला समोर बसवून ‘का’ विचारते. बरेच जण नुसत्या हजेरीच्या भीतीने आलेले निघतात. तुमच्या कॉलेजात एलसी कोणता क्लार्क देतो ते बघा आणि उद्याच त्याच्याबरोबर चहा घ्या.